डॉ. द्वारकानाथ कोटणीस : एका वैद्याचे देशकार्य
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस ‘एका थोर पुरुषाचे चरित्र’ सांगण्याची आज्ञा केली. थोर पुरुष आपल्याच ज्ञातीतील असावा, असेही सुचविण्यात आले होते. त्यांची क्षमा मागून आम्ही निराळीच निवड केली आहे.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरास झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. पुढे चारचौघांप्रमाणे दवाखाना थाटून सुखाने राहणे त्यांना कठीण नव्हते. परंतु १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले. सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले आणि १९३८ साली, सुभाषबाबू राष्ट्रसभेचे अध्यक्ष असताना, पाच डॉक्टरांचे पथक चीनला धाडण्यात आले. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस हे ते पाच जण. कोटणीस तेव्हा अवघे सत्तावीस वर्षांचे होते.

येथे कोणी विचारील, आपलाच देश पारतंत्र्यात असताना परक्याच्या घरची आग विझविण्यास का जावे? आमच्या अल्प मतीप्रमाणे उत्तर असे की, ज्याला स्वतःच्या पायांतील बेडी टोचते, त्यालाच दुसऱ्याच्या बेडीचा आवाज ऐकू येतो. स्वातंत्र्याची चाड ही आपल्या उंबरठ्यापुरती असत नाही.

१९३९ च्या फेब्रुवारीत हे पथक येनानला पोहोचले. चीनमध्ये असतानाच कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. ज्येष्ठांनी परत जाण्यास अनुमती दिली असता, हाती घेतलेले काम टाकून ते परतले नाहीत. पुढे ते आघाडीवरील डोंगराळ मुलखात गेले. साधने अपुरी, थंडी कडाक्याची आणि जखमींची रीघ अखंड! ते चिनी भाषा शिकले व त्याच भाषेत विद्यार्थ्यांस शस्त्रक्रिया शिकवू लागले. कॅनडाचे डॉ. बेथून १९३९ साली निवर्तले होते. त्यांच्या नावाने चाललेल्या रुग्णालयाची धुरा १९४१ साली कोटणीसांकडे आली. त्याच वर्षी क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. पुत्राचे नाव ‘यिनह्वा’ ठेविले. त्यात भारत आणि चीन ही दोन्ही नावे गुंफलेली आहेत. मूल चार महिन्यांचेही झाले नव्हते, तोच ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्याने, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. पाचांपैकी चौघे परत आले. एक आला नाही.

ही कथा घरोघरी पोहोचविली ती आपल्या करवीरच्याच सुपुत्राने. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला व कोटणीसांची भूमिका स्वतः केली.

बंधूंनो, आता थोडे कटू बोलतो. आम्ही कित्येक वर्षे फळ्यापाशी उभे राहून मुलांस सांगत आलो, “डॉक्टर हो, पैसा मिळेल, घराण्याचे नाव होईल.” रुग्णाचे नाव आमच्या तोंडी एकदाही आले नाही. हा दोष सर्वस्वी आमचाच. मंडळाच्या शिष्यवृत्तीवर शिकलेल्या डॉक्टरांची छायाचित्रे स्मरणिकेत छापली जातात, याचा आम्हांसही अभिमान वाटतो. परंतु त्यांतील किती जण गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीकडच्या वाड्यावस्त्यांवर गेले, याची नोंद कोठे आढळत नाही.

शाहू छत्रपतींनी या नगरीत जातीजातींच्या वसतिगृहांस आश्रय दिला, तो मुलांनी शिकून मोठे व्हावे म्हणून. जातीतच कोंडून घ्यावे म्हणून नव्हे. कोटणीसांनी मेजावरील जखमीस त्याचे कूळ विचारले नाही. सबब आमची विनंती अशी की, यापुढे शिष्यवृत्ती घेणाऱ्या प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याने, पदवीनंतर वर्षभर, महिन्यातून दोन दिवस एखाद्या दुर्गम गावी, जात न विचारता रुग्णसेवा करण्याचे वचन द्यावे. कार्यकारी मंडळाने यावर अवश्य विचार करावा. काहींस ही अट जाचक वाटेल. तथापि आयुष्य देणाऱ्याच्या स्मरणार्थ चोवीस दिवस फार नव्हेत.

 जय हिंद!