हृदयाची शस्त्रक्रिया : कोणती आणि केव्हां?



महोत्सवाच्या दिवशीं धर्मगुरूनें रक्तवाहिन्यांविषयीं बोलावें, याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु शहापूर-मुरबाडच्या मुलुखांत हृदयविकार हा आतां केवळ शहरी श्रीमंतांचा रोग राहिलेला नाहीं. आणि बायपास करावी कीं स्टेंट घालावा, हें विचारण्यास घरचीं माणसें आम्हांकडेही येतात.

छाती उघडून, पायाची शीर किंवा छातींतील धमनी जोडून तुंबलेल्या जागेस वळसा देणें ही बायपास. १९६७ सालीं फावालोरो या शल्यवैद्यानें अमेरिकेंत तिला रूप दिलें. मनगटांतून अथवा जांघेंतून बारीक नळी नेऊन फुग्यानें मार्ग रुंद करणें, हा उपाय ग्रुंटझिग यांनीं १९७७ सालीं झुरिच येथें प्रथम केला; जाळीदार स्टेंट मागाहून आला.

चाकू नको म्हणून स्टेंटच बरा, असें आपण सहज म्हणतों. तें नेहमींच खरें नव्हे. मधुमेह असून अनेक धमन्या तुंबल्या असल्यास बायपास झालेले रोगी अधिक वांचतात, असें २०१२ सालच्या एका मोठ्या परीक्षणांत दिसलें. पक्षाघाताचा धोका मात्र त्यांत अधिक होता. एखाददुसराच अडथळा असेल तर स्टेंट पुष्कळदां पुरतो. दुखणें स्थिर असेल तर कित्येकांचें औषधांवरही निभतें. ऐन झटक्यांत ही चर्चा नको. तेव्हां तडक रुग्णालय गांठावें.

शेतकऱ्यानें आणखी एक हिशेब करावा. बायपासनंतर सुमारें तीन महिने जड ओझें उचलतां येत नाहीं. पावसाच्या तोंडावर झाली तर ती आवणी गेलीच. स्टेंटवाला लौकर हिंडूंफिरूं लागतो, पण डॉक्टरांस विचारल्यावांचून त्यानें रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सोडल्या तर जाळींत गांठ होऊन प्राणावर बेततें. आणि जमीन गहाण टाकण्यापूर्वीं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी अवश्य करावी.

पोप बारावे पायस यांनीं १९५७ सालीं डॉक्टरांपुढें स्पष्ट केलें कीं, जीव राखण्यासाठीं सामान्य उपाय करणें हें कर्तव्य आहे; अति भार घालणारे उपाय बंधनकारक नव्हेत. म्हणून ऐंशीच्या आजीनें विचारपूर्वक शस्त्रक्रिया नाकारली, तर तें पाप नव्हे. मात्र तिला न विचारतां मुलांनीं ती परस्पर नाकारणें, हें मला मुळींच पसंत नाहीं.

तैलाभ्यंग हा केवळ मरणाऱ्यांचा संस्कार नव्हे. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वींही तो घेतां येतो. तरी अजून आमचा पाय उंबऱ्यांत पडतांच घरांत रडें सुरू होतें! रोगी बोलता-चालता असतांनाच बोलवा. कल्याणला निघण्याच्या आदल्या संध्याकाळीं निरोप धाडा. कितीही रात्र झाली तरी मी येईन.