आठातल्या चारच तारा

बोईसरहून बोलतोय. मागे मधूनच लोकलचा हॉर्न ऐकू येईल, तेवढं सांभाळून घ्या.

बऱ्याच जणांनी विचारलंय, "किट आणून घरी वाद्य बनवता येतं का रे?" येतं. पण मी किटच्या कागदावर होतं ते वाद्य बनवलंच नाही. आज तीच गोष्ट.

माझे बाबा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात मँडोलिन वाजवायचे. दिवसा एमआयडीसीत ड्युटी, रात्री सफाळे, पालघर, डहाणू, जिथे सुपारी मिळेल तिथे. मग एकदा मशीनमध्ये डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका गेली. महिन्याभरात त्यांनी मँडोलिन विकून टाकलं. घरात कुणी त्यावर बोललं नाही.

गेल्या वर्षी मी किट मागवलं. पहिला विचार होता, त्यावर बेंजोच्या पट्ट्या बसवायच्या. गणपतीच्या मिरवणुकीतला आपला बेंजो माहितीये ना? तो मूळचा जपानी. 1912 मध्ये नागोयाच्या गोरो मोरिता यांनी टाइपरायटरच्या कळांवरून 'ताइशोगोतो' बनवलं, तेच आपल्याकडे बुलबुलतरंग आणि मग बेंजो झालं. बाबांना प्लॅन सांगितला तर म्हणाले, "मला टायपिंगला बसवतोस काय?" प्लॅन रद्द.

मग आठवले यू. श्रीनिवास. मँडोलिनला तारांच्या चार जोड्या असतात, एकूण आठ तारा. श्रीनिवास यांनी इलेक्ट्रिक मँडोलिनवर जोड्यांऐवजी एकेरी तारा लावून कर्नाटक संगीत वाजवलं. एकेरी तार दाबायला हलकी आणि तिच्यावर मींड छान येते. दोनच बोटं असतील तर उड्या मारण्यापेक्षा घसरत जाणं सोपं! गिटारवाला जँगो राइनहार्टसुद्धा 1928 च्या आगीत हात भाजल्यावर सोलो वाजवायला मुख्यतः दोनच बोटं वापरायचा.

ठरलं. आठ खुंट्या, पण तारा चारच.

आता माझ्या चुका ऐका. पहिली चूक नटची. नट म्हणजे नेकच्या टोकाची ती छोटी पट्टी. तिच्यात तारांसाठी खाचा पाडताना कानस जास्त चालली. तार पहिल्या फ्रेटला टेकून झणझण करायला लागली. उपाय घरातच सापडला. खाचेत खायचा सोडा भरला, वर फेविक्विकचा थेंब. दगडासारखं घट्ट झालं, मग पुन्हा हळूहळू घासलं. हे करताना खिडकी उघडी ठेवा, वाफ डोळ्यांत जाते.

दुसरी चूक मोठी. मँडोलिनचा ब्रिज चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबानेच जागेवर राहतो. मी निम्म्या तारा काढल्या, म्हणजे दाबही साधारण निम्मा. एके दिवशी ब्रिज सरकला आणि सगळं बेसूर! माझ्या किटमध्ये नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत 175 मिलिमीटर होते. तिथून ब्रिजपर्यंतही तेवढंच हवं, वर किंचित जास्त, कारण तार दाबली की ताणली जाते आणि सूर चढतो. मोकळी तार आणि बाराव्या फ्रेटवरची तार ट्यूनरवर एकच सूर दाखवेपर्यंत ब्रिज केसभर सरकवत बसलो. जागा सापडल्यावर पेन्सिलने खूण केली.

आवाज मात्र बारीक झाला, ते खोटं नाही सांगणार. चार तारांत आठ तारांची ती थरथर येत नाही. म्हणून आतून पिझो चकती चिकटवली आणि वायर स्पीकरला जोडली.

आपल्या पालघरात तारपा बनवणारे हेच करत आलेत. वाळवलेला दुधी मिळेल तसा, बांबू मिळेल तसा. प्रत्येक तारपा वेगळा. किटचा कागद त्यांना कुणी दिला होता?

बाबांनी वाद्य हातात घेतलं. आधी रिकाम्या चार खुंट्यांवरून अंगठा फिरवला. म्हणाले, "ह्या काढू नकोस." मग गॅलरीत जाऊन बसले. तासाभराने आईने चहा नेला तेव्हाही वाजवतच होते.

तर मंडळी, किट घेतलंत तर आधी ज्याच्यासाठी बनवताय त्याचा हात बघा, मग कागद.

आता बाबांचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग लावतो. सुरुवातीलाच एक सूर चुकलाय. मी कापणार होतो, तर म्हणाले, "राहू दे." भेटू पुढच्या भागात!