शिधा, पाणी आणि निर्णय

(महाड-पोलादपूर परिसरातील स्त्रियांच्या मेळाव्यात केलेले भाषण)

आज समुद्रप्रवासाच्या तयारीवर बोलणार म्हटल्यावर काही जणींना हसू आले. आपण डोंगरातल्या, आपल्याला समुद्राचे काय? पण आपली सावित्री बाणकोटला समुद्राला मिळते, आणि तिच्या खाडीतून दासगावपर्यंत बोटी येत असत. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी बाबासाहेब व त्यांचे सहकारी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने दासगावला उतरले आणि तेथून पायी महाडला आले. महाडचे व्यापारी सामान देईनात, म्हणून परिषदेचा शिधा बाहेरून आणावा लागला. प्रवास असो की लढा, सुरुवात शिध्याच्या हिशोबापासून होते.

आता ‘तारिणी’ची गोष्ट ऐका. गोव्यात बांधलेली ही ५५ फुटांची शिडाची नौका. १० सप्टेंबर २०१७ रोजी वर्तिका जोशी, प्रतिभा जामवाल, स्वाती पी., पायल गुप्ता, विजया देवी आणि ऐश्वर्या बोड्डापाटी या नौदलातल्या सहा जणी तिच्यातून गोव्याहून निघाल्या, आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ रोजी परतल्या. वाटेत ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दूरची फॉकलंड बेटे आणि केप टाऊन. सुकाणूत बिघाड झाला तेव्हा मॉरिशस बेटावरही थांबावे लागले.

सप्टेंबरच का? दक्षिण अमेरिकेच्या टोकाचे केप हॉर्न हे फार वादळी ठिकाण. ते तिकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत ओलांडायचे. तो काळ धरून मागे दिवस मोजत यायचे. आपण मृगाचा पाऊस धरून मागे मोजत आगोटीची तयारी करतो, तांदूळ, कुळीथ, सुकी मासळी, लाकडे भरतो, तसेच हे.

न्यूझीलंड ते फॉकलंड हा टप्पा सुमारे चाळीस दिवसांचा. मध्ये बंदर नाही, दुकान नाही. माणशी दिवसाला चार लिटर पाणी धरले, तर सहा जणींना ९६० लिटर लागेल. पंधरा लिटरचा हंडा धरला तर चौसष्ट हंडे. खारे पाणी गोडे करणारे यंत्र असते, पण ते बंद पडेल असे धरूनच पाणी भरायचे. हा हिशोब आपल्यापैकी कोणीही तोंडी करील. एप्रिल-मेमध्ये वाडीवर टँकर आला की तो आपण करतोच.

मग फरक कुठे आहे? नौकेवर पाणी मोजणाऱ्यांच्याच हाती सुकाणू होते. कधी शीड उतरवायचे, कोणत्या बंदराकडे वळायचे, हे त्यांनीच ठरवायचे होते. आपल्याकडे हंडे मोजतो आपण, आणि टँकर कोणत्या वाडीला, किती वाजता, हे ठरवतात दुसरेच.

निर्णय हातून काढून घेताना कारणे कशी दिली जातात तेही पाहा. नौदलातल्या स्त्रियांच्या कायम नियुक्तीला विरोध करताना सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की, रशियन बनावटीच्या जहाजांवर स्त्रियांसाठी न्हाणीघरे नाहीत. सहा जणी ५५ फुटांच्या नौकेतून जग फिरून आल्या होत्या, तरी! १७ मार्च २०२० रोजी न्यायालयाने असली कारणे फेटाळली. सोय नसेल तर सोय करा, बाईला घरी बसवू नका, एवढेच आपले म्हणणे आहे. बाजारपेठेत आणि पंचायतीच्या कचेरीतही तेच लागू आहे.

म्हणून मैत्रिणींनो, एक काम घेऊन घरी जाऊ या. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी असा कायदा आहे. ती केवळ सह्यांपुरती होऊ द्यायची नाही. प्रत्येक वाडीचे हंडे मोजू, किती दिवस लागतील ते लिहू, आणि उन्हाळ्याच्या कितीतरी आधी टंचाई आराखड्यात आपला हिशोब घालायला लावू. जी पाणी वाहते, तिचा शब्द त्या कागदावर असलाच पाहिजे.