कर्कगेटच्या मागचा बोळ

(कार्यकर्त्या शिबिरातील भाषणाचा संक्षेप)



इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात कॅसल म्युझियम आहे. जॉन कर्क नावाच्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या वस्तू मांडून तिथे १९३८ साली व्हिक्टोरिया राणीच्या काळातला एक अख्खा रस्ताच उभा केला. त्याचं नाव कर्कगेट. फरसबंदी, दुकानं, घोडागाडी. दिवे मंद होत चक्क रात्रही होते. मुलं मिठाईच्या दुकानाला चिकटून उभी होती. मलाही मजा आली, खोटं कशाला सांगू? नंतर कळलं, ही इमारत पूर्वी बायकांचा तुरुंग होती.

रस्त्यावर सगळं झकपक. मागे मात्र एक अरुंद बोळ आहे, मागाहून जोडलेला, गरिबांचा. त्याला राउंट्रीचं नाव दिलंय. एम. एस. डब्ल्यू. करताना राउंट्री आम्हाला परीक्षेपुरता भेटला होता. त्यानं १८९९ साली याच यॉर्कमध्ये ११,५६० कुटुंबांची पाहणी केली. शहरातले २७.८४ टक्के लोक दारिद्र्यात, असं त्याचं १९०१ चं पुस्तक सांगतं. मी आकडा पाठ केला, मार्क मिळवले. त्याच पुस्तकात आणखी एक गोष्ट आहे, ती कुणी शिकवली नाही. पैसा कमी पडला की कमावत्या नवऱ्याचं ताट भरलेलं राहतं. घास कमी होतो तो बाईचा, कधी मुलांचा. बरं, बाईनं स्वतः कमावलं तर? १८७० चा कायदा येईपर्यंत तिकडे लग्न झालेल्या बाईची मजुरी कायद्यानंच नवऱ्याची!

त्या बोळात मला आमचा सर्व्हेचा फॉर्म आठवला. कुटुंबप्रमुख कोण, उत्पन्न किती, खाणारी तोंडं किती. तोंडं मोजायची, घास नाही. नऊ वर्षं मी तो वस्तीत भरत आले, आणि कुटुंबप्रमुखापुढे न विचारताच नवऱ्याचं नाव लिहीत आले.

परतल्यावर दोन रकाने वाढवले. काल रात्री शेवटी कोण जेवलं? तेव्हा भांड्यात काय उरलं होतं? ‘याचा आकडा कसा काढणार?’ म्हणून सहकाऱ्यांनी कुरकुर केली. पहिल्याच घरातली बाई हसली, ‘हे काय विचारता, ताई?’ म्हणाली, आणि मग अर्धा तास बोलत राहिली. सासू आत होती, म्हणून हळू आवाजात.

फॉर्मच्या प्रती आणल्या आहेत. वस्तीत न्यायच्या आधी प्रत्येकीनं तो आज स्वतःच्या घराचा भरावा. जेवणाच्या सुट्टीनंतर गटात वाचू.