पसाभर गहू



राळेगावाजवळचे रावेरी हे गाव सीतामाईच्या मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी या मंदिराच्या जीर्णोद्धाराचा ध्यास घेतला व तो पूर्णत्वास नेला. परित्यक्ता सीता येथे राहिली, लव-कुश येथेच वाढले, अशी पंचक्रोशीची श्रद्धा. बाळंतीण सीतेने गावात पसाभर गहू मागितला, गावाने तो दिला नाही, आणि तिच्या शापाने रावेरीच्या शिवारात गहू पिकेनासा झाला, असे सांगतात. आख्यायिकेची ऐतिहासिकता हा आजचा विषय नव्हे. गावाने गहू नाकारला, हा दोष सर्वांच्या ध्यानी राहिला. परंतु लेकुरवाळ्या स्त्रीला दारोदार मागत फिरावे लागले, तिची अवस्था कोणाला आपणहून कळली नाही, हा त्याआधीचा दोष कथेत झाकून जातो. वस्तीवस्तीतून धान्य गोळा करण्याचा विचार करताना याच दोषाकडे प्रथम पाहिले पाहिजे.

घरोघरचे धान्य एकत्र करून गरजूंना पोहोचविणाऱ्या संस्थेला पाश्चात्त्य देशांत 'फूड बँक' म्हणतात. अमेरिकेतील पहिली अशी पेढी १९६७ साली ॲरिझोना प्रांतातील फिनिक्स शहरी जॉन व्हॅन हेंगेल यांनी उभारली. महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. माधुकरी मागून आणि वार लावून शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या येथे होऊन गेल्या. दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढण्याचा मुष्टिफंड कित्येक वसतिगृहांना आधार झाला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे तर सर्वश्रुत आहे.

राळेगाव तालुक्याची अडचण मात्र निराळी आहे. हा कापसाचा मुलूख. कापूस आणि सोयाबीन यांनी शिवार व्यापले, तशी ज्वारी मागे हटली. पूर्वी अल्पभूधारकाच्या घरीही कणगीच्या तळाशी चार पायल्या जोंधळा असे. आज शेतकऱ्याचेच धान्य किराणा दुकानातून येते. जून महिन्यात बी-बियाणे आणि खत यांत हातचा पैसा जातो. कापूस घरात येतो तो दसरा-दिवाळीच्या पुढे. मधल्या आषाढ-श्रावण-भाद्रपदात पाऊस झडीला लागला की मजुरीही थांबते आणि दुकानदाराची उधारी वाढत जाते. पोळ्याला बैल सजतो त्या घरात त्याच आठवड्यात पीठ संपलेले असू शकते. तेव्हा धान्यसंकलन वर्षभर चालावे, पण वाटपाचा भर या तीन महिन्यांवर असावा. दिवाळीच्या आनंदात वाटलेला फराळ छायाचित्रात शोभतो. भूक त्याच्या दोन महिने आधीची असते.

आता हिशेब पाहू. रोज मूठभर, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम धान्य काढले, तर एका घरातून महिन्याला सव्वा किलोच्या आसपास जमते. गल्लीतील ४० घरांचे ५० किलो होतात. खेड्यातील माणसाला महिन्याला साधारण १० किलो धान्य लागते. अन्नसुरक्षा कायद्यानुसार (२०१३) प्राधान्य कुटुंबातील व्यक्तीला ५ किलो मिळते. पाच माणसांच्या घरात राहिलेली तूट २५ किलोंची. म्हणजे ४० घरांची मूठ दोन कुटुंबांना पुरते, त्याहून अधिक नाही. हा आकडा कार्यकर्त्याने पाठ करावा. शंभर घरांना आश्वासन देऊन दहा घरांपुरते धान्य गोळा करण्याची चूक त्याने टळते.

म्हणूनच पोत्याआधी शिधापत्रिका पाहावी. कर्ता पुरुष गेल्यावर पत्रिकेवरील नाव बदललेले नसते, सुनेचे नाव माहेरच्या पत्रिकेतच राहिलेले असते, कष्टाने झिजलेल्या बोटाचा ठसा यंत्र स्वीकारत नाही. कोलाम पोडावरील एखाद्या कुटुंबाला अंत्योदयचे ३५ किलो मिळायला हवेत आणि पत्रिकाच नाही, असे आढळले तर तहसील कार्यालयातील दोन खेपा वर्षभराच्या मुठींपेक्षा मोलाच्या ठरतात. आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतील केशरी पत्रिकाधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून दोन-तीन रुपये किलोने धान्य मिळत असे. यवतमाळ त्यांत होता. २०२३ मध्ये त्याऐवजी माणशी मासिक १५० रुपये रोख देण्याचा निर्णय झाला. पोत्यातले धान्य सरळ चुलीपर्यंत येत होते. खात्यातल्या रकमेला खत, औषध, व्याज अशा अनेक वाटा फुटतात. हे ज्या घरात घडले असेल ते घर कागदोपत्री गरीब नसते. तेच शोधावे लागते.

काय गोळा करावे? जे देणाऱ्याच्या घरी त्या दिवशी शिजते ते. सोंडे लागलेले गहू आणि जुनाट डाळ देऊन कोठी रिकामी करण्याचा मोह माता-भगिनींनी आवरावा. पावसाळ्यात पीठ टिकत नाही, म्हणून पीठ घेऊ नये. ज्वारी, गहू, तांदूळ, तुरीची डाळ उन्हाळ्यातच कडक उन्हात वाळवून, निंबाचा पाला घालून पत्र्याच्या कोठीत भरावी. मीठ, तिखट, हळद आणि तेलाची बंद पिशवी यांचा विसर पडतो. नुसत्या धान्यावर स्वयंपाक होत नाही.

संकलन सोपे आहे. उंबरठा ओलांडणे अवघड. स्वाभिमानी शेतकरी रांगेत उभा राहणार नाही, त्याची पत्नी तर मुळीच नाही. गाडगेबाबा आधी गाव झाडत आणि मगच भाकरी स्वीकारत. घेणाऱ्याची मान ताठ राहावी, ही विदर्भाच्या मातीतील जुनी जाण आहे. त्यामुळे वाटपाचा जाहीर कार्यक्रम नको, फलक नको, नावांची यादी नको. ज्या घराशी येणेजाणे आहे अशा एकाच काकूंनी वा मावशींनी तिन्हीसांजेनंतर पिशवी न्यावी, चहा घ्यावा, मुलांची विचारपूस करावी आणि परत यावे. ज्या घरी चहाला दूध-साखर नसेल तेथे कोरा चहा मागून घ्यावा. नोंदवहीत देणाऱ्यांची नावे आणि किलो असावेत. घेणाऱ्यांच्या जागी केवळ घरांची संख्या.

पुढे जानेवारी-फेब्रुवारीत तूर निघते. पावसाळ्यात पिशवी घेतलेल्या घरातून तेव्हा कोणी दोन-चार किलो तूर आणून देईल. 'तुम्हालाच राहू द्या' असे म्हणून ती परत करू नये. वजन करावे आणि इतरांच्या नावांखाली त्या घराचेही नाव लिहावे.