मेळ कुणी बांधला?

चार्ली चॅप्लिनच्या 'द ग्रेट डिक्टेटर' (१९४०) या चित्रपटातला न्हावी आठवतो ना? रेडिओवर लागलेल्या संगीताच्या ठेक्यावर तो गिऱ्हाइकाची दाढी करतो. ते संगीत म्हणजे ब्राम्सचं पाचवं हंगेरियन नृत्य. आणि टॉम मांजर ऐटीत पियानो वाजवतं अन् जेरी आत उच्छाद मांडतो, ती लिस्टची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी. म्हणजे बार्शीतल्या पोराटोरांनीही हे संगीत ऐकलेलं आहे, नाव तेवढं ठाऊक नसतं.

ब्राम्सची ही २१ नृत्यं एका पियानोवर दोघांनी बसून वाजवायची. पहिली १० छापून आली १८६९ मध्ये, उरलेली १८८० मध्ये. पण हा बाज मुळात पियानोचा नव्हेच. हंगेरीतले रोमा, म्हणजे जिप्सी वादक, तो व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि सिंबालोमवर वाजवत. सिंबालोम हा आपल्या संतूरचा थोराड भाऊ. आरंभ संथ, मग लय चढत चढत द्रुत. ख्याल ऐकणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. त्यांची एक आवडती स्वरावली तर अशी, की मधुवंतीचा धैवत कोमल केला की ती तयार! रोमांची भाषाही मराठी-हिंदीच्याच कुळातली. पण म्हणून सूरही इथूनच गेले, असं मी म्हणणार नाही. भाषेला पुरावा आहे, सुरांना तसा नाही.

पियानोचा स्वर उमटला की लगेच विरायला लागतो. व्हायोलिनचा गज तो धरून ठेवतो, फुलवतो. म्हणून ही नृत्यं वाद्यवृंदात आली, तेव्हा ती एका अर्थी घरीच परतली. हे काम केलं कुणी? ब्राम्सने स्वतः फक्त तीन नृत्यांचा मेळ बांधला: पहिलं, तिसरं आणि दहावं. शेवटची पाच द्वोर्झाकने केली. सर्वांत गाजलेलं पाचवं बहुतेक वेळा वाजतं ते मार्टिन श्मेलिंगने बांधलेलं. त्याने पट्टी अर्ध्या स्वराने वर, जी मायनरमध्ये नेली. व्हायोलिनच्या मोकळ्या तारांना ती सोयीची. चाल तरी ब्राम्सची का? तीही नाही. केलर बेला या संगीतकाराची ती रचना ब्राम्सला लोकधून वाटली होती. मात्र या नृत्यांवर त्याने आपला रचनाक्रमांक घातला नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा मला मोठा वाटतो.

आपल्याकडे हिंदी चित्रपटगीतांचे मेळ बांधणारे गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस पडद्यावरच्या नामावलीत क्वचितच दिसले. गोन्साल्विस यांचं नाव घरोघरी पोचलं, ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ मध्ये ते एका गाण्यात आणलं म्हणून. तेही विनोदी गाण्यात!

बार्शीच्या लग्नसराईत बँडवाले नवं गाणं आठ-पंधरा दिवसांत वाजवू लागतात. गायिकेचा सूर क्लॅरिनेटला द्यायचा, मधल्या जागा ट्रम्पेटने भरायच्या, हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. बहुधा कागदावर एक अक्षरही न लिहिता.