काचेच्या तळ्यावरचा दिवा

रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८४९ साली लंडनमध्ये एका काचपात्रात दोन सोनमासे सोडले. तळाशी वाळू आणि चिखल घालून त्यात व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली आणि कुजणाऱ्या पानांचा निकाल लावण्यासाठी गोगलगायी आणल्या. पाणी न बदलताही हा लहानसा संसार नीट चालू राहिला. मासे जो कर्बवायू सोडतात तो वनस्पती घेते आणि वनस्पतीने सोडलेल्या प्राणवायूवर मासे जगतात, ही देवघेव त्याने पुढच्याच वर्षी विद्वानांपुढे मांडली. या व्यवहारातला तिसरा भागीदार मात्र काही न मागता येऊन मिळाला होता. तो म्हणजे दिवसाचा उजेड.

शहरी बिऱ्हाडात काचेचे तळे उभे राहते ते बहुधा दिवाणखान्याच्या कोपऱ्यात. तेथे हा भागीदार आपण होऊन येत नाही. त्याला विजेच्या तारेने बांधून आणावे लागते. १९३८ साली अमेरिकेत ट्यूबलाइट बाजारात आली आणि पुढे कित्येक दशके पाणवनस्पतींचा सूर्य म्हणून तिनेच काम केले. आता एलईडी दिव्यांनी तिची जागा घेतली आहे, आणि पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या सदस्य राष्ट्रांनी २०२३ साली सामान्य प्रकाशासाठी वापरल्या जाणाऱ्या अशा नळ्यांचे उत्पादन टप्प्याटप्प्याने २०२७ पर्यंत थांबवण्याचे ठरवले आहे. तरीही पुष्कळ जुन्या मत्स्यालयांच्या झाकणाखाली ती अजून जळते आहे, आणि तिच्याविषयीचा एक मोह समजून घेण्यासारखा आहे.

नळीच्या पोटात पाऱ्याची विरळ वाफ असते. तीतून विद्युत्प्रवाह गेला की डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण निघतात आणि काचेच्या आतल्या पांढऱ्या लेपावर पडून त्यांचा दृश्य प्रकाश होतो. या वाफेचा स्वभाव मोठा उधळा. प्रवाह जसजसा वाढेल तसतसा तिचा विरोध घटत जातो आणि कोणी आवरले नाही तर नळी क्षणात स्वतःचाच नाश करून घेते. म्हणून वाटेत चोक बसवलेला असतो. चोक हा त्या वाफेचा लगाम.

हा लगाम जाणूनबुजून सैल सोडण्याची युक्ती २००० सालाच्या सुमारास अमेरिकेतील हौशी मत्स्यपालकांत पसरली. तिकडे चार फुटी, ३२ वॉटच्या चार नळ्या एकत्र चालवणारे इलेक्ट्रॉनिक चोक स्वस्तात मिळत. चार नळ्यांसाठी असलेल्या तारा दोन किंवा एकाच नळीला जोडायच्या आणि तिच्याकडून जादा काम करून घ्यायचे, असा हा ‘ओव्हरड्रायव्हिंग’चा खटाटोप. अरुंद झाकणाखाली जास्त नळ्या मावत नाहीत, खास प्रखर दिवे महाग, तेव्हा हा मोह पडणे स्वाभाविक होते.

परंतु दामदुप्पट काही मिळत नाही. दुप्पट जोडणीवर प्रकाश साधारण दीडपट होतो. चौपट जोडणी केली तरी तो दुपटी-अडीचपटीच्या आसपासच रेंगाळतो. उरलेली वीज उष्णता होऊन बसते. नळीची भिंत ४० अंश सेल्सियसच्या आसपास असताना पाऱ्याची वाफ उत्तम काम करते. त्यापलीकडे तापली की प्रकाश उलट उतरू लागतो, म्हणून मग पंखे बसवावे लागतात. टोकांवरचा लेप झिजतो, तेथील काच काळवंडते आणि नळीचे आयुष्य आखडते. शिवाय हे सारे पाण्याच्या पृष्ठभागापासून वीतभर अंतरावर, दमट हवेत. बनवणाऱ्याने कधी कल्पिली नव्हती अशी जोडणी तेथे करणे धाडसाचेच. भारतातील घरोघरच्या स्टार्टरवर चालणाऱ्या चोकचा तर या युक्तीशी मेळही बसत नाही.

मग निवड कशी करावी? खोक्यावर छापलेला ल्यूमेनचा आकडा माणसाच्या डोळ्यांसाठी मोजलेला असतो, आणि डोळ्याला सर्वांत प्रिय रंग पिवळट हिरवा. वनस्पतीची आवड निराळी. थिओडोर एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने १८८२ च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली शेवाळाच्या एका धाग्यावर इंद्रधनुष्याचे रंग पाडले आणि प्राणवायूच्या शोधात फिरणारे जंतू त्या पाण्यात सोडले. जंतूंनी तांबड्या आणि निळ्या पट्ट्यांपाशी गर्दी केली. हिरव्यापाशी तुरळकच राहिले. प्राणवायू कोठे निपजतो हे जंतूंनीच दाखवून दिले! यावरून निव्वळ जांभळट नळ्यांच्या मागे लागण्याचे मात्र कारण नाही. थोडाफार हिरवा प्रकाशही पाने वापरतात, आणि जांभळ्या उजेडात मासे व पाने विद्रूप दिसतात. बाजारातली ६५०० केल्विनची, तीन रंगांच्या लेपाची साधी ‘कूल डेलाइट’ नळी बहुतेकांस पुरते.

जाडीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा. जुनी नळी ३८ मिलिमीटर व्यासाची, तिच्यानंतरची २६ ची आणि सर्वांत सडपातळ १६ ची. नळीचा निम्मा प्रकाश वर जातो. तो परावर्तकाने खाली वळवावा तर जाड नळी स्वतःच त्याच्या वाटेत आडवी येते. बारीक नळी कमी अडवते. चकचकीत, नीट वाकवलेला परावर्तक आणि क्षारांचे डाग पुसलेली झाकणाची काच यांनी चोकला हात न लावता पुष्कळ उजेड मिळतो. या साध्या गोष्टीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते.

पण खरी मेख वेगळीच आहे. पाण्यात कर्बवायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद पसरतो. प्रकाश वाढला की वनस्पतीची भूक वाढते. कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश यांपैकी एकही कमी पडले तर वाढ तेथेच अडते, आणि न वापरलेल्या उजेडाचा धनी होते शेवाळ. ते हटवायचे तर कर्बवायूचे नळकांडे आणावे लागते. त्याचे प्रमाण जरा चुकले की त्रास माशांना. रात्री वनस्पतीही प्राणवायूच घेतात. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करताना दिसतात, ते या साखळीचे शेवटचे टोक. लगाम सैल केला तो नळीचा, आणि श्वास कोंडला तो माशांचा.

म्हणून आधी वनस्पती निवडावी आणि मग दिवा. पश्चिम घाटातील नद्यांत वाढणारी क्रिप्टोकोरिन रेट्रोस्पायरॅलिस किंवा जावा फर्न यांना एका नळीचा मध्यम उजेड पुरतो. दक्षिण भारताच्या पाणथळीतली रोटाला मॅक्रँड्रा मात्र लालभडक हवी असेल तर भरपूर प्रकाश आणि त्याबरोबर खत व कर्बवायू यांची तजवीज करावीच लागते. तेथेही एका नळीला छळण्यापेक्षा दोन सडपातळ नळ्या त्यांच्या योग्य चोकवर चालवणे बरे. दिवा आठ तासांवर बांधून द्यावा, पंधरा दिवस काही बदलू नये आणि शेंड्याचे नवे पान पाहावे. कांड्या लांबत जाऊन पाने विरळ झाली तर उजेड थोडा. पानांच्या कडेवर हिरवी लव धरली तर तास कमी करावेत.